वरच्या मजल्यावरचा भाडेकरू

खुनाची गोष्ट ऐकायला बसलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो : खून केला कोणी? गोष्ट सांगणाराही मोठा चतुर. तो आपल्याला पन्नास वाटांनी फिरवतो, कधी घरच्या नोकराकडे बोट दाखवतो, कधी इस्टेटीवर डोळा असलेल्या पुतण्याकडे, आणि शेवटच्या पानावर पडदा बाजूला करतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांनी मराठी वाचकाला हा नाद चांगलाच लावला होता. पुस्तक एका बैठकीत संपवायचे, दिवा मालवायचा आणि स्वस्थ झोपायचे. गुन्हेगार सापडला, आता काळजी कशाची?

आज मी तुम्हांला ज्या कादंबरीविषयी सांगणार आहे, ती वाचून मात्र अशी झोप लागत नाही. तिच्यात एकामागून एक खून पडतात. खुनी कोण याचा अंदाज आपल्याला फार लवकर येतो. ज्या घरात तो राहतो त्या घरच्या बाईलाही येतो. मग उरतो तो प्रश्न वेगळाच : ही बाई बोलत का नाही?

कादंबरीचे नाव 'द लॉजर', म्हणजे 'भाडेकरू'. लेखिका मेरी बेलॉक लाउंड्स. वडील फ्रेंच, आई इंग्रज. प्रसिद्ध इंग्रजी लेखक हिलेअर बेलॉक हा तिचा धाकटा भाऊ. ही कथा १९११ साली एका अमेरिकन मासिकात लघुकथेच्या रूपाने आली आणि १९१३ साली तिची कादंबरी झाली. एकामागून एक खून करणाऱ्याला हल्ली वर्तमानपत्रांतून 'सीरियल किलर' म्हणतात. तो शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीचे हे पुस्तक आहे.

कथेचे बीज मात्र खऱ्या घटनांतले. १८८८ साली लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपल नावाच्या गरीब वस्तीत आणि तिच्या आसपास, ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या सव्वादोन महिन्यांत पाच स्त्रियांचे अत्यंत क्रूर रीतीने खून झाले. 'जॅक द रिपर' अशा सहीचे एक पत्र वृत्तसंस्थेकडे आले आणि ते नाव त्या अज्ञात माणसाला कायमचे चिकटले. तो कोण होता, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मेजवानीत लेखिकेच्या कानांवर एक हकीकत आली. कोणाकडे पूर्वी नोकरीस असलेले एक जोडपे म्हणे खोल्या भाड्याने देत असे, आणि तो खुनी आपल्याच घरी उतरला होता अशी त्यांची खात्री होती. खरेखोटे देव जाणे! पण लेखिकेला कादंबरी मिळाली.

आता गोष्ट ऐका.

लंडनच्या मॅरिलबोन रस्त्यावर बंटिंग नावाचे नवराबायको राहतात. दोघांचेही आयुष्य मोठ्या लोकांच्या घरी चाकरीत गेलेले. नवरा बटलर होता, बायको मालकिणीच्या खास तैनातीत. साठवलेल्या पैशांतून त्यांनी घर घेतले ते वरच्या खोल्या भाड्याने देऊन पोट भरावे म्हणून. पण नशीब फिरले. भाडेकरू मिळेनात. एकेक वस्तू गहाण पडू लागली. रस्त्यावरून पाहणाऱ्याला खिडकीचे पडदे स्वच्छ दिसत, दाराची पितळ चकचकीत दिसे. आत मात्र चुलीला सुट्टी मिळण्याची पाळी आलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. बंटिंगने तंबाखू सोडली होती, वर्तमानपत्रही सोडले होते.

एके संध्याकाळी रस्त्यावर पोरे ओरडत जातात : आणखी एक खून! शहरात दारूच्या नादी लागलेल्या स्त्रियांचे खून पडत आहेत, आणि प्रेतावर 'सूड घेणारा' अशा अर्थाची सही केलेली चिठ्ठी सापडते आहे. बंटिंगला राहवत नाही. घरात अन्नाची पंचाईत असताना तो एक पेनी खर्चून पेपर घेतो आणि चोरी केल्यासारखा ओशाळतो. लेखिकेचे हे निरीक्षण किती बारीक आहे पाहा. भुकेल्या माणसालाही दुसऱ्याच्या घरच्या भयंकर बातमीची भूक असतेच.

आणि मग दारावर थाप पडते.

दारात एक उंच, सडपातळ, जुन्या चालीचा गृहस्थ उभा असतो. खांद्यावरून लोंबणारा लांब कोट, डोक्यावर उंच टोपी, हातात एक कातडी बॅग. बोलणे मऊ, वागणे अदबीचे. नाव सांगतो स्लूथ. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ माग काढणारा. लेखिकेची ही थट्टा वाचकाच्या लक्षात येते, बंटिंगबाईंच्या येत नाही. त्यांचे लक्ष त्याच्या हाताकडे आहे, कारण तो हात खिशातून सोन्याची नाणी काढून आगाऊ भाडे मोजतो आहे. घासाघीस नाही, चौकशी नाही. फक्त घरात दुसरा भाडेकरू नको, एवढीच त्याची अट. बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचेच काय ते बाकी राहते.

तो राहायला येतो. दिवाणखान्यातल्या भिंतीवर स्त्रियांची चित्रे असतात. तो ती सगळी भिंतीकडे तोंड करून उलटी लावतो. बाईंना ते चमत्कारिक वाटते, पण मोठ्या घरच्या लोकांच्या लहरी त्यांनी जन्मभर पाहिलेल्या असतात. तो दिवसभर बायबल वाचतो आणि स्त्रियांची निंदा असलेली वचने मोठ्याने म्हणतो. धार्मिक आहे हो बिचारा! ती बॅग पुन्हा दिसत नाही; बहुधा कपाटात कुलूपबंद असावी. त्या कपाटाच्या फटीतून एकदा काही तांबडे ओघळते. तांबडी शाई सांडली असेल. तो मध्यरात्रीनंतर हळूच बाहेर पडतो आणि पहाटेपूर्वी परततो. झोप येत नसेल त्याला. आणि दुसऱ्या दिवशी पोरे पुन्हा रस्त्यावर ओरडत जातात.

मराठीत 'सबब' आणि 'हेतू' असे दोन शब्द आहेत. सबब आपण दुसऱ्याला सांगतो, आणि पुष्कळदा स्वतःलाही सांगतो. हेतू मात्र खाली, अंधारात बसलेला असतो. बंटिंगबाईंजवळ प्रत्येक गोष्टीला सबब तयार आहे. तांबडी शाई, धार्मिक वृत्ती, झोपेचा विकार. त्या सबबी इतक्या भराभर सुचतात, यावरूनच वाचकाने ओळखावे की सत्य त्यांना आधीच कळले आहे. ज्याला खरोखरच काही ठाऊक नसते, त्याला सबब शोधावी लागत नाही.

मग खाली बसलेला तो हेतू कोणता? मी महाविद्यालयातल्या मुलांना ही गोष्ट सांगतो, तेव्हा पहिले उत्तर ठरलेले असते : भीती. बाई घाबरली असणार. पण पुस्तक नीट वाचले तर दिसते की पहिल्या दिवसांत बाईंना त्याची मुळीच भीती वाटत नाही. दुसरे उत्तर येते, पैसा. ते खरे आहे, पण अर्धे. एवढेच असते तर ही एका लोभी बाईची गोष्ट झाली असती, आणि आपण तिला नावे ठेवून मोकळे झालो असतो. बंटिंगबाई लोभी नाहीत. त्या कष्टाळू, सचोटीच्या, शब्दाला जागणाऱ्या आहेत. तोच तर सारा घोटाळा आहे!

मला वाटते, या हेतूचे थर आहेत, नांगरलेल्या जमिनीसारखे. सर्वांत वर भूक. त्या माणसाच्या भाड्यावर घरात कोळसा आला, अन्न आले, नवऱ्याच्या तोंडावर हसू आले. त्याच्याखाली कृतज्ञता. आपण तिला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतो आणि सद्गुण मानतो. उपाशी असताना ज्याने हात दिला, त्याला फासावर कसे चढवायचे? त्याच्याखाली अब्रू. खुनी आपल्या घरात राहत होता हे जगाला कळले, तर पुन्हा कोण या घरची खोली घेईल? चार लोक काय म्हणतील? आणि सर्वांत खाली एक चमत्कारिक माया. बाई त्याचा चहा करते, त्याचे अंथरूण घालते, त्याला सर्दी तर झाली नाही ना म्हणून काळजी करते. ज्याची सेवा करावी त्याच्याविषयी मनात ओलावा येतो, हा मनुष्यस्वभावच आहे. मग रात्री दार वाजले की तो परत येईपर्यंत तिला झोप लागत नाही. अशी जागी राहिलेली आई आपण पाहिलेली असते. येथे खुन्याची वाट पाहत घरमालकीण जागी राहते.

हे सगळे थर मिळून जे होते त्याला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे : मिंधेपणा. इंग्रजीत तो एका शब्दात सांगता येणार नाही. पण इंग्रज लेखिकेने अख्खी कादंबरी त्याच्यावरच लिहिली आहे, असे मी म्हणेन.

या घरात आणखी एक माणूस येतो जातो. त्याचे नाव जो चँडलर. हा तरुण चक्क पोलिस खात्यातला, स्कॉटलंड यार्डचा गुप्त पोलिस. बंटिंगची पहिल्या लग्नाची मुलगी डेझी घरी राहायला येते, तिच्यावर त्याचे मन बसते, आणि मग काय, फेऱ्या वाढतात. खालच्या मजल्यावर शेकोटीशी बसून तो तपासाच्या बातम्या सांगतो : रबरी तळव्यांच्या बुटांचे ठसे मिळाले, अमुक साक्षीदार पुढे आला. आणि तो ज्याला शोधतो आहे तो त्याच्या डोक्यावर, एका छताच्या अंतरावर, बायबल वाचत बसलेला असतो! बाई ऐकते, चहाचा पेला पुढे करते, आणि खोदून खोदून विचारते. चँडलरला वाटते, हिला बातम्यांची हौस आहे. एकदा तर ती नवऱ्याला खरे न सांगता मृत्यूच्या चौकशीच्या न्यायालयात जाऊन बसते. साक्षीदार ज्याचे वर्णन करील तो आपला भाडेकरू नसावा, एवढीच तिची इच्छा असते.

नवऱ्याचे काय? येथे लेखिकेने कमाल केली आहे. एका रात्री दोघे पुरुष दारात भेटतात, बंटिंगचा हात भाडेकरूच्या कोटाला लागतो, आणि उजेडात पाहतो तर हाताला रक्त. वाटेत मेलेल्या जनावराला धक्का लागला, असे तो गृहस्थ शांतपणे सांगतो. त्या क्षणापासून बंटिंगलाही कळते. पण तो बायकोला सांगत नाही. तिला धक्का बसेल म्हणून. ती त्याला सांगत नाही. त्याला धक्का बसेल म्हणून. एकाच खोलीत, एकाच शेकोटीपुढे दोन माणसे एकच गुपित एकमेकांपासून लपवून बसतात. अहो, संसारात असे होते हे कोणाला सांगायला नको. कर्जाची गोष्ट असते, मुलाच्या वागण्याची असते, कोणाच्या दुखण्याची असते. दोघांनाही माहीत असते आणि दोघेही हवापाण्यावर बोलत राहतात. या कादंबरीचे भय चाकूत थोडे आणि या हवापाण्याच्या गप्पांत फार आहे.

शेवट थोडक्यात सांगतो. डेझीच्या अठराव्या वाढदिवशी स्लूथ त्या दोघींना जवळच्याच मादाम तुसॉच्या मेणाच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनात घेऊन जातो. तेथे योगायोगाने पोलिसांचा वरिष्ठ अधिकारी पाहुण्यांना घेऊन आलेला असतो, आणि वेड्यांच्या इस्पितळातून पळालेल्या एका माणसाविषयी बोलत असतो. स्लूथला वाटते, या बाईनेच आपला घात केला. जिने त्याला शेवटपर्यंत सांभाळले, तिलाच तो शाप देतो आणि मागच्या दाराने निसटतो. पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्याचे मागे राहिलेले सोने बंटिंगबाई आपल्याजवळ ठेवत नाहीत. निराधार मुलांच्या एका संस्थेला ते निनावी पोहोचते. खटला नाही, शिक्षा नाही, कबुलीही नाही. निनावी दानात कबुली जेवढी मावते, तेवढीच.

आता खुन्याच्या हेतूविषयी दोन शब्द. लेखिका त्याला धर्मवेडाने पछाडलेला माणूस म्हणून दाखवते आणि पुढे जाते. या बाबतीत कादंबरी कच्ची आहे, आणि आजच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मनाचा आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करीत नाहीत. उलट तीच दुसऱ्यांच्या अत्याचाराला बळी पडण्याचा संभव अधिक असतो. गावात एखादा मुलगा किंवा एखादी सून मनाने आजारी पडली, तर गोष्टीतला खुनी आठवून तिच्यापासून दूर सरू नका. तिला डॉक्टरकडे न्या.

या कादंबरीवर आल्फ्रेड हिचकॉक याने १९२७ साली मूकपट काढला, आणि त्यानेच त्या दिग्दर्शकाचे नाव झाले. पण चित्रपटात भाडेकरू निर्दोष ठरतो! त्या भूमिकेत आयव्हर नॉव्हेलो हा लोकप्रिय नट होता, आणि प्रेक्षकांचा लाडका नायक खुनी दाखवणे धंद्याला परवडणारे नव्हते. चित्रपट पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. पण भाडेकरू निर्दोष झाला की बाईचे मौनही निर्दोष होते, आणि मूळ पुस्तकातला काटाच निघून जातो.

आणखी एका गोष्टीकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. ती कादंबरीत नाही. १८८८ साली ज्या पाच स्त्रिया मारल्या गेल्या, त्यांची नावे मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली. खुन्याच्या टोपणनावाने चित्रपट निघाले, पुस्तकांची कपाटे भरली; या नावांना कोणी विचारले नाही. यांतली मेरी ॲन निकोल्स त्या रात्री रस्त्यावर का होती? ती ज्या स्वस्त धर्मशाळावजा घरात निजायची, तेथे एका रात्रीच्या बिछान्याला चार पेन्स पडत. तिच्याजवळ तेवढे नव्हते, म्हणून तिला बाहेर काढले. आठवडाभराने ॲनी चॅपमनच्या बाबतीतही तेच घडले. बिछान्याचे पैसे नाहीत, म्हणून रस्ता.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. कादंबरीतली बाई गप्प राहते ती भाडे मिळाले म्हणून. खऱ्या गोष्टीतल्या स्त्रिया मरतात त्या भाडे नव्हते म्हणून. खुनी एकच असतो. पण त्याला अंधार पुरवणारे हात पुष्कळ असतात, आणि ते हात काही दुष्ट नसतात. कोणी नियमाने दार लावलेले असते, कोणी अब्रूने, कोणी उपकाराच्या ओझ्याने. कादंबरी आपल्याला गरिबीची कीव करायला सांगते, आणि त्याच वेळी विचारते : कीव आली म्हणून त्या मौनाला क्षमा करायची का? वरच्या मजल्यावरचे पाऊल रात्री वाजते आणि सकाळी कोणाची तरी लेक मेलेली सापडते, तेव्हा तुमच्या कृतज्ञतेची किंमत तिसराच कोणी मोजत असतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. मूळ इंग्रजी पुस्तकाचा स्वामित्वहक्क आपल्या देशात संपलेला आहे. लेखिका १९४७ साली वारली, आणि मृत्यूनंतरची साठ वर्षे केव्हाच उलटून गेली. तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलांना ही कथा आपल्या शब्दांत मराठीत सांगायला कोणाची हरकत नाही. खुनांची वर्णने सोडून द्या. लेखिकेनेही ती फार रंगवलेली नाहीत. रक्त हाताला लागते त्या प्रसंगाशी थांबा आणि विचारा : आता बंटिंगने काय करावे? काही मुले चटकन म्हणतील, पोलिसांना सांगावे. त्यांना विचारा, उद्या जेवायला काय? काही म्हणतील, गप्प बसावे. त्यांना विचारा, पुढच्या खुनाचे काय? फळ्यावर उत्तर लिहिण्याची घाई करू नका. मुलांना जरा भांडू द्या.

आणि घरी ऐकणाऱ्या श्रोत्यांना एवढेच सांगतो. गावात सावकाराचा, ठेकेदाराचा, एखाद्या वजनदार माणसाचा कोणावर ना कोणावर उपकार असतो. त्याच्या घरातून रात्री रडण्याचा आवाज आला तर शेजारी म्हणतात, मांजर असेल. एवढे भराभर मांजर सुचले, की समजावे, ऐकणाऱ्याला काय ते कळले आहे. कंदील घेऊन उठायचे की कूस बदलायची, हे त्याच घटकेला ठरवावे लागते. बंटिंगबाई दर रात्री कूस बदलत राहिल्या.